बालवाडीत पोस्ट मांडलंय, पण पत्रच कुणी लिहीत नाही

शेवंती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या एका गावात बालवाडी चालवते. 18 मुलं, वय साडेतीन ते साडेपाच. खोली एकच, देवळाच्या सभामंडपाला लागून. पावसात एका कोपऱ्यात बादली ठेवावी लागते, अशी.

गणेश चवथीची सुटी संपल्यावर पोरांसाठी पोस्ट ऑफिस मांडलं. फ्रिजच्या खोक्याची लाल पेटी, टेबलावर पुठ्ठ्याची खिडकी, खाकी कागदाच्या टोप्या, खांद्याला शबनम, शिक्का, शाईचं पॅड, जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. नवऱ्याने पेटीला रंग दिला, थोडा स्वतःच्या लुंगीलाही.

पहिल्या दिवशी सगळ्यांनाच पोस्टमन व्हायचं. टोप्यांवरून रडारड. दोघांनी शिक्क्याने एकमेकांचे गाल रंगवले. एकाने पेटीत चप्पल टाकली, दुसऱ्याने ती काढायला हात घातला आणि कोपरापर्यंत अडकला. पेटी फाडून सोडवला. चौथ्या दिवशी कोपरा ओस. आता त्या खोक्यात मुलं मांजर-मांजर खेळतात. आणि एवढ्या दिवसांत पत्र? एकही नाही. कोरी पाकिटं पेटीत पडतात, कोरीच बाहेर निघतात.

माझं काय चुकतंय?

काजूबी

आधी रुमाल टाकून जागा धरते.

शेवंतीताई, तुमचं काही चुकत नाहीये, पोरांनी पत्र पाहिलेलंच नाही. आमच्या घरी मी हाच खेळ केला. लेक साडेचार वर्षांची. तिला पिशवी दिली, टोपी दिली, म्हटलं दारावर जा आणि ओरड. ती गेली, बेल वाजवली, मी दार उघडलं. तर हात पुढे करून म्हणते, "ओटीपी सांगा."

दोन मिनिटं मी हसतच होते. तिच्या जगात दारावर येतो तो पार्सलवाला. बिल आलं तर आईच्या फोनवर येतं, आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर. लहानपणी आमच्याकडे कोपऱ्यात एक तार वाकवून टांगलेली असे, आलेली पत्रं तिच्यात खुपसायची. ती तार दाखवायला हवी होती आधी, मग पेटी.

डिचोलीकर

+१ काजूबी. ओटीपी भारी.

मूळ प्रश्नावर एक साधी सूचना: जेवढ्या टोप्या तेवढीच पोरं. आमच्या वहिनीच्या बालवर्गात खिळ्यावर चार टोप्या टांगलेल्या असतात. चारही गेल्या की कोपरा बंद, पाचव्याने दुसरं काहीतरी खेळायचं. टोपी परत खिळ्यावर आली की पुढचा. मुलांना हे "थांब, नंतर" म्हणण्यापेक्षा लवकर कळतं, कारण रिकामा खिळा डोळ्यांना दिसतो.

निवृत्त टपाली

मी टपाल खात्यातून निवृत्त झालोय, त्यामुळे राहवत नाही. ताई, रागावू नका, पण तुमच्या पोस्टात पेटी आहे आणि पोस्टमन आहे. मधलं पोस्टच नाही! मग 18 जण पोस्टमन होणार नाहीत तर काय करणार? दुसरं कामच ठेवलेलं नाही.

खरं काम कसं चालतं ते सांगतो, त्यातून घ्यायचं ते घ्या. पेटी उघडली की पत्रं टेबलावर ओततात, ती उलटीसुलटी पडतात. पहिलं काम सगळ्यांची तोंडं एकीकडे करायची, तिकीट उजवीकडे वर. मग ठसा. ठसा म्हणजे शोभा नव्हे. तारीख आणि पोस्टाचं नाव उमटतं, आणि तिकीट रद्द होतं, म्हणजे कुणी ते सोडवून पुन्हा लावू शकत नाही. मग वर्गवारी, खणाखणांच्या कपाटात, गावागावाप्रमाणे. मग थैली. थैली दुसऱ्या पोस्टात पोचली की पुन्हा वर्गवारी, या वेळी बीटप्रमाणे, म्हणजे एकेका पोस्टमनच्या हद्दीप्रमाणे. आणि पोस्टमन निघण्याआधी आपली पत्रं घरांच्या क्रमाने लावून घेतो. तो क्रम चुकला तर अर्धा दिवस सायकल उलटसुलट.

म्हणजे मोजा: तिकीट विकणारा, पेटी उघडणारा, तोंडं लावणारा, ठसेवाला, वर्गवारीवाला, पोस्टमन. सहा कामं झाली. वर्गवारी लहान मुलांना फार आवडते, कारण ती म्हणजे शेवटी रंगाप्रमाणे मणी वेगळे करण्यासारखंच काम आहे.

आणि एक गंमत द्यायला विसरू नका: बेरंग पत्र. तिकीट नसेल किंवा कमी असेल तर जेवढं कमी पडलं त्याच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल करायचे. आमच्या काळी पोस्टमन दारात "बेरंग आहे हो" म्हणाला की घरातल्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. घ्यायचं की परत पाठवायचं?

पणजीची पणती

टपालीकाका, वा! मी तर म्हणते रजिस्टरची वेगळी खिडकी करा, सही घेण्याचं नाटक मुलांना आवडेल. आणि एक तारेची (टेलिग्रामची) खिडकी.

निवृत्त टपाली

सही घेण्याचं नाटक जरूर करा, पण खिडकीवर "रजिस्टर" लिहू नका. 2025 मध्ये रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं. तार तर जुलै 2013 मध्येच बंद. म्हातारा माणूस आहे, चुकीची पाटी बघवत नाही.

पणजीची पणती

😄 बरं काका, स्पीड पोस्ट लिहिते.

अवांतर: मुलांना सहलीला न्यायचं असेल तर पणजीचं मुख्य पोस्ट दाखवा. ती इमारत पोर्तुगीज काळी तंबाखूच्या व्यापाराचं घर होती. मुलांना तंबाखूत रस नसणार, पण आतल्या उंच छताखाली हाक मारून बघायला त्यांना मजा येते. आमच्या पोराने मारली. सगळ्या रांगेने वळून पाहिलं.

सरळमार्गी

थोडं कडू बोलतो. हे खेळ, टोप्या, ठसे छान आहे. पण माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. शेजारच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांना आत्ताच वाक्यं लिहिता येतात. पत्र लिहायचं तर आधी अक्षरं यायला नकोत का? अक्षर येत नाही आणि पत्र लिहा, हे म्हणजे नांगराच्या मागे बैल बांधल्यासारखं.

कोसबाडकरीण

सरळमार्गी, तुमची काळजी खोटी नाही, तरी क्रम उलटा आहे असं मला वाटतं.

मी वीस वर्षं अंगणवाडी प्रशिक्षणात आहे. बालशिक्षणातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभं केलं, त्यात साहित्य म्हणजे बिया, शंख, पानं, चिकणमाती. विकतचं काही नाही. मूल हाताने जे करतं त्यातून डोक्यात जातं, एवढा तो साधा हिशेब. पोस्टाचा खेळ त्याच वाटेवरचा आहे.

अक्षरांबद्दल बोलायचं तर सुसान न्यूमन आणि कॅथलीन रॉस्कोस या दोन अमेरिकन संशोधकांनी नव्वदच्या सुमारास बालवर्गांत खेळाचे कोपरे लिहिण्यावाचण्याच्या खऱ्या वस्तूंनी भरले. त्यात पोस्टाचा कोपराही होता. कागद, पाकिटं, पेन हाताशी असले की मुलं खेळाच्या ओघात जास्त वेळा आणि जास्त वेळ "लिहू" लागली, असं त्यांना दिसलं. अवतरणचिन्ह मुद्दाम टाकलंय. साडेतीन वर्षांच्या मुलाची नागमोडी रेघ म्हणजे लिहिणंच. ते रेघ ओढतं आणि वर तोंडाने सांगतं, "आजी, लाडू पाठव." रेघेत अर्थ असतो हे त्याला कळलं की अक्षरं यायला वेळ लागत नाही. अक्षरं आधी आली आणि ती कशासाठी हे कळलं नाही, तर पोर पाटीभर "अ" गिरवतं आणि काही म्हणायचं नसतं.

त्यामुळे शेवंतीताई, पाकिटं कोरी पडतात यात दोष शाईचा किंवा पॅडचा नाही. मुलाने पाकीट टाकलं, ते बाहेर आलं, कुणाला मिळालं? कुणालाच नाही. मग दुसरं कशाला लिहील? पत्र मिळणारा कुठे आहे? पेटीआधी प्रत्येकाचं घर मांडा.

सरळमार्गी

हं. कोणाला मिळालं, हा प्रश्न मला सुचला नव्हता खरा. पहिलीत मात्र रेघेला गुण नसतात, एवढं लक्षात ठेवा. वाचतोय.

काजूबी

"मिळणारा" वरून आठवलं. आपल्याकडे तर हा खेळ कधीपासून आहे: *माझ्या मामाचं पत्र हरवलं, ते मला सापडलं!* गोल बसायचं, एकाने रुमाल घेऊन मागून धावायचं. पत्र कुणाच्या पाठीमागे पडलं हे कळेपर्यंत काळजाचं पाणी. शेवंतीताई, आठवडाभर मैदानावर तेवढंच खेळून घ्या, पत्र म्हणजे काय ते अर्धं कळेल.

शेवंती

बापरे, धाग्याने चांगलंच मनावर घेतलंय. सगळ्यांना धन्यवाद.

कोसबाडकरीणताई, "पत्र मिळणारा कुठे आहे?" हा तुमचा प्रश्न वाचून रात्रभर झोप आली नाही म्हटलं तर चालेल. सकाळी बिस्किटांच्या पुठ्ठ्यांचे 18 खण केले. नाव वाचता येत नाही म्हणून प्रत्येकाला खूण: मासा, होडी, माड, अबोली, फणस, बेडूक, नांगर. मुलांनीच निवडली. फणसासाठी मात्र दोन दावेदार निघाले, शेवटी एकाने "गरा" घेतला.

पुढे काय करावं ते सुचेना. मग मी स्वतःच पत्रं लिहिली. रात्री प्रत्येक खणात एक. आमच्या बालवाडीत एक करडी मांजर येते, तिच्या नावाने. "काल दूध थोडंच होतं. मला मासा आवडतो. तुझी मांजर." खाली शाईत बोट बुडवून पंजाचा ठसा.

सकाळी काय झालं ते सांगू? आधी कुणालाच कळलं नाही. मग अबोलीवाल्या मुलीने आपल्या खणातून कागद काढला, उलटसुलट केला आणि माझ्याकडे धावत आली, "टीचर, कोणीतरी ठेवलंय." मी वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, तडक कागद घेऊन बसली आणि पानभर मासे काढले. पाच, सहा, सात. एकाला शेपटी दोन. पुन्हा माझ्याकडे येऊन म्हणते, "हिचं घर कुठं?"

मांजरीला खणच नव्हता! लगेच केला, एकोणिसावा.

दुपारपर्यंत मांजरीला 11 पत्रं आली.

पणजीची पणती

अगं बाई गं. डोळे भरले.

डिचोलीकर

पोस्टाचं काम मांजरीने सुरू केलं म्हणायचं. बढती द्या तिला.

निवृत्त टपाली

एकोणिसावा खण, वा. खात्यात असं नवं घर निघालं की बीटच्या यादीत आधी नोंद करायची असते. यादी करा.

कोसबाडकरीण

ताई, एक विनंती. आता आपण मोठी माणसं त्यात फार घुसायला नको. उद्या मांजरीचं पत्र आलं नाही तरी चालेल, मुलं एकमेकांना लिहितात का ते बघा. आणि कुणी रेघ आणून दिली तर "हे काय लिहिलंस?" असं परीक्षकासारखं विचारू नका. "वाचून दाखव ना" म्हणा. मुलाला जे सांगायचंय ते ते वाचतं.

अबोलीवळेसर

मी घरून विचारते, शिक्षिका नाही. घरी एकच मूल, चार वर्षांचं. त्याला खण कुठले आणि ठसेवाला कोण? सासूबाई वरच्या मजल्यावर.

काजूबी

सासूबाई वरच्या मजल्यावर म्हणजे सोन्यासारखी सोय आहे! दोन पेट्या करा, एक खाली, एक वर. पोर मधला पोस्टमन. मी माझ्या सासऱ्यांना बजावलं होतं, उत्तर लिहिलंच पाहिजे. ते लिहायचे: "चहा पाठवणे. साखर कमी." लेक चहा सांडत न्यायची. गेले सहा महिने ही सेवा अखंड.

घरात ठसा म्हणून विकतचा शिक्का आणू नका. देठाकडून भेंडी आडवी कापा, शाईत बुडवा, पाकळ्यांचं फूल उमटतं. ठशासारखाच गोल. आणि शाईऐवजी रातांबे (कोकमाची फळं) चुरून लावू नका, मी लावले, लेकीचा शाळेचा पांढरा सदरा अजून गुलाबी आहे.

डिचोलीकर

गोव्याच्या पावसाबद्दल दोन ओळी, कुणी बोललं नाही म्हणून. पुठ्ठा जमिनीला टेकवू नका, दोन विटांवर ठेवा. मऊ पडतो आणि वाळवी लागते. घरगुती मैद्याची खळ दोन दिवसांत आंबते आणि झुरळं येतात, त्यात चिमूटभर मोरचूद घाला असं कुणी सांगेल, लहान मुलांच्या जागी अजिबात घालू नका, ते विष आहे. लागेल तेवढी रोज थोडी ताजी करा. तिकीट चिकटवायला ओला स्पंज बशीत ठेवा, नाहीतर जीभ लावतात. टाचणी, स्टेपलर, छोटी नाणी तीन वर्षांच्यांच्या हातात नको. पेटीची कापलेली फट बाजूने कापडी चिकटपट्टीने मढवा, आणि ती मुलांच्या छातीच्या उंचीवर ठेवा. हात अडकण्याची भानगड मग होत नाही, फट रुंद आणि आत उतार.

सरळमार्गी

मी पुन्हा आलो. काल पोराला म्हटलं, पत्र लिहितोस का? म्हणाला कुणाला? म्हटलं मामाला, कुडाळला. त्याने लिहिलं, चार अक्षरं खरीखुरी, बाकी रेघा. "मामा ये" एवढं वाचता येतं. आता पत्ता कसा लिहायचा? मलाच आठवेना. पिनकोड शोधावा लागला. पिनकोड मुलांना सांगायचा का?

निवृत्त टपाली

सांगायचा, गंमत म्हणून. पिनकोड देशात 15 ऑगस्ट 1972 ला आला. सहा आकडे. पहिला विभाग, आपला 4. देशात असे आठ भौगोलिक विभाग आहेत आणि नववा लष्करासाठी. पुढच्या दोन आकड्यांनी जिल्हा पातळीवरची वर्गवारी ठरते आणि शेवटचे तीन आकडे म्हणजे वाटप करणारं पोस्ट. गोव्यातलं कुठलंही गाव घ्या, सुरुवात 403. पणजी 403001, फोंडा 403401, मडगाव 403601. मुलांना एवढंच सांगा की चार-शून्य-तीन म्हणजे "आमचं गोंय". ते ऐकून एक पोर म्हणालं होतं, "म्हणजे पत्राला वाट कळते."

अवांतरात अवांतर: माझ्या वडिलांच्या पेटीत पोर्तुगीज राजवटीतली तिकिटं आहेत, "एस्तादो दा इंडिया" छापलेली, किंमत तांग्यात, म्हणजे तेव्हाच्या गोव्यातल्या नाण्यात. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, ती राजवट गेली आणि तिची तिकिटंही. नातवाला दाखवली तर म्हणाला, "आजोबा, ही चालतील का?" नाही म्हटलं, बेरंग!

पणजीची पणती

काका 😄

(मराठीत लिहायचं की कोंकणीत, यावर कुणी या धाग्यावर सुरू करू नका हं. मुलं घरी बोलतात त्यात सांगतील, टीचर लिहितील तसं लिहितील.)

शेवंती

महिनाभर गप्प होते, कारण पोस्ट फार चाललं! शेवटी मी खरी पत्रं पाठवायचं ठरवलं. जागतिक टपाल दिन 9 ऑक्टोबरला असतो, त्याच आठवड्यात गावातल्या पोस्टातून 18 पोस्टकार्डं आणली. पन्नास पैशांना एक, नऊ रुपयांत अख्खा वर्ग. पोस्टमास्तरबाईंना हसू आलं, म्हणाल्या एवढी एकदम कुणी घेतली नव्हती. मुलांनी एका बाजूला चित्र काढलं, पत्ता मी लिहिला, पेटीत टाकायला सगळी ओळीने गेली. एका मुलीने कार्ड टाकल्यावर पेटीला कान लावला.

तिसऱ्या दिवसापासून कार्डं घरी यायला लागली. सकाळी येऊन सांगायचे, "टीचर, माझं आलं!" जणू मी पाठवलंच नव्हतं. एका आजीने तर घरातली चवथीची मूर्ती ठेवतात त्या चौरंगावर ते कार्ड ठेवलंय.

सतरा आली. अठरावं, होडीवाल्या पोराचं, आलंच नाही. रोज विचारायचा. घरी जाऊन पाहिलं, मग माझी पत्त्यांची यादी पाहिली: पिनचा शेवटचा आकडा मीच चुकवला होता. पोर चार दिवस माझ्याशी नीट बोललं नाही. पाटावर बसून शेजारच्या पोराशी बोलायचा, मला उत्तर "हूं".

नवव्या दिवशी आलं. दुसऱ्या कुठल्यातरी पोस्टाचा ठसा जास्तीचा बसलेला, कोपरा दुमडलेला. आईने संध्याकाळी फोन केला, म्हणाली तो सोडतच नाही, जेवताना मांडीवर.

दुसऱ्या दिवशी ते कार्ड घेऊन बालवाडीत आला. मला वाटलं सगळ्यांना दाखवेल. त्याने ठसे मोजले, एक, दोन. मग खिळ्यावरची टोपी घातली, पेटीशी गेला आणि कार्ड आत टाकलं. मी म्हटलं, अरे, ते तुझं आहे ना? म्हणाला, "आता मांजरीला."